आकड्याशेजारी नावं कोरा

महायुद्धाची शिळा ज्यांच्या गावात उभी आहे अशा सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पुणे जिल्ह्यांतल्या सरपंचांना खुले पत्र

सरपंचताई आणि सरपंचदादांनो,

आपल्यापैकी पुष्कळांच्या गावात एक शिळा आहे. कुठे ती जुन्या चावडीच्या भिंतीत बसवलेली, कुठे शाळेच्या आवारात, कुठे वेशीजवळच्या पारावर. तिच्यावरचा मजकूर सगळीकडे जवळजवळ एकाच साच्यातला आहे: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन सालं आणि दोन आकडे. गेलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. घरटी एक माणूस लष्करात, म्हणून गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. आज एखाद्या तालुक्यात एक जवान गेला, तर दुकानं बंद होतात आणि अंत्ययात्रेला पंचक्रोशी लोटते. त्या काळी एका गावात ४६ घरांवर हे कोसळलं. एकही देह घरी आला नाही, एकाच्याही चितेला गावातल्या कुणी अग्नी दिला नाही. आलं ते पत्र, आणि मागाहून पेन्शनीचे कागद.

या पत्राची विनंती साधी आहे. गावच्या शिळेवरच्या आकड्यामागची नावं शोधावीत आणि तिच्या शेजारी दुसरा दगड उभारून त्यावर ती मराठीत कोरावीत. हे काम दिल्लीहून किंवा लंडनहून होणारं नाही. ते गावातच होऊ शकतं, आणि त्याला आता फार वेळ उरलेला नाही.

नावं दगडावर नाहीत, याचं कारण ती कुणाला माहीत नव्हती असं नाही. मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळायला ब्रिटिशांनी मे १९१७ मध्ये एक आयोग नेमला. त्याचं आजचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. त्याचा पायाच मुळी समतेचा होता: हुद्दा, वंश, धर्म काहीही असो, प्रत्येक मृताचं नाव कोरलं जाईल, कबरीवर नाहीतर स्मारकावर. फ्रान्समध्ये हा नियम पाळला गेला. १९२७ मध्ये न्यू शापेल इथे उभ्या राहिलेल्या स्मारकावर कबर न सापडलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावं आहेत. शिपाई, नाईक, हवालदार, सगळ्यांची.

इराकात मात्र तसं झालं नाही. आणि आपल्याकडचे सर्वाधिक लोक गेले ते तिथेच, तेव्हाच्या मेसोपोटेमियात. पुण्याच्या नावानं ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन १९१४ च्या शेवटी बसऱ्याला उतरली. तीत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. पुढे हीच डिव्हिजन तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं शरणागती पत्करावी लागली. शेवटी शेवटी घोडे मारून खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस शिवलं नाही आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. सुमारे १३,००० लोक तुर्कांच्या कैदेत गेले. वाळवंटातून चालत नेताना आणि पुढे रस-अल-ऐनजवळ रेल्वेमार्गाच्या कामावर त्यांतले किती तरी हगवणीनं, तापानं, भुकेनं गेले. कोण कोणत्या दिवशी पडला, हे कित्येकांच्या बाबतीत कळण्याची सोयच नव्हती.

कबर न सापडलेल्या या सगळ्यांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याच्या उत्तरेला मकील बंदरात शत-अल-अरबच्या काठी स्मारक उभं राहिलं. ४०,५०० हून अधिक मृतांचं ते स्मारक आहे. ब्रिटिश सैनिकांची नावं त्यावर कोरलेली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. त्यांच्यासाठी पलटणीचं नाव आणि पुढे संख्या. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशानं हे अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्याला सुमारे ३२ किलोमीटरवर नेण्यात आलं. आपल्या कुणा पणतूला तिथवर जायची हिंमत आणि ऐपत झालीच, तरी त्याला हात ठेवायला नाव सापडणार नाही.

दिल्लीतल्या इंडिया गेटची गोष्टही फार वेगळी नाही. पहिलं महायुद्ध आणि तिसरं अफगाण युद्ध यांत गेलेल्या सुमारे ७४,००० हिंदी सैनिकांचं ते स्मारक. त्यावर कोरलेली नावं तेरा हजारांच्या आसपास. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकात तेव्हा २५,९४२ नावं होती, ती सारी स्वातंत्र्यानंतरच्या वीरांची. ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ इतकाच, की तुमच्या शिळेवरच्या माणसांना तिथेही जागा नाही.

एप्रिल २०२१ मध्ये वॉर ग्रेव्हज कमिशननं स्वतःच्याच कारभाराची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला आणि जाहीर माफी मागितली. आफ्रिका आणि आशियातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांची नोंद इतरांपेक्षा कमी प्रतीची झाली; आणखी किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावानिशी नोंद झालीच नाही किंवा कसलीच आठवण ठेवली गेली नाही, हे त्यांनी लेखी कबूल केलं. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिलगिरी व्यक्त केली. माफी मोलाची आहे. पण ती मागितली गेली लंडनला, आणि ज्यांच्या घरातला माणूस गेला ती घरं आहेत खेड, चिपळूण, जावळी, पाटण, माणगाव, पोलादपूर, खटाव तालुक्यांत. तिथवर ती पोचवायची तर गावाच्या दगडावर नाव यावं लागेल.

नाव कोरण्यानं काय होतं, याचा दाखला पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर उभा आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली आणि भीमेकाठी कंपनी सरकारनं स्तंभ बांधला. त्या स्तंभावर पडलेल्या हिंदी शिपायांची नावं कोरली गेली. त्यांत २२ नावं ‘नाक’ या शेवटाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. पुढे शंभर वर्षं त्या स्तंभाकडे कुणी कसंही पाहिलं असेल, पण ती नावं तिथे होती. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. आज दर वर्षी लाखो लोक जातात आणि आपल्या पूर्वजांना मानवंदना देतात. त्या लढाईचा अर्थ कुणी कसा लावावा, हा वेगळा विषय. मात्र स्तंभावर नावांऐवजी नुसती संख्या असती, तर ‘ही आमची माणसं’ असं कुणाला ठामपणे म्हणता आलं असतं? १८२१ च्या सुमारास कंपनी सरकारला जे जमलं, ते शंभर वर्षांनी बसऱ्यात साम्राज्याला जमलं नाही, ही गोष्ट मनाला फार लागते.

आपल्या घरांनी मात्र या माणसांना विसरायचं कधीच कबूल केलं नव्हतं. सरकारी स्मारकं येण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून महाराष्ट्राला युद्धात पडलेल्यांची आठवण ठेवायची रीत ठाऊक आहे. गावोगाव देवळाबाहेर वीरगळ उभे आहेत: खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर अक्षर नाही, पण त्यांना शेंदूर लागतो, नारळ फुटतो.

देवघरातला वीराचा टाक याहून जवळचा. चांदीचा नाहीतर पितळेचा, दोन-अडीच बोटं रुंद पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला घोडेस्वार, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार. पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनं आणि राखेनं घासून स्वाराचा चेहरा पार सपाट झालेला असतो. हाताला लागतो तो घोड्याच्या मानेचा बाक. खंडोबा-भवानीच्या शेजारी त्याची जागा असते. त्याला विचारल्याशिवाय लग्नकार्य निघत नाही. नाशकात धुळवडीला घरोघरचे वीर वाजतगाजत गोदाकाठी नेतात, त्यांना स्नान घालतात आणि परत आणतात. कोणत्या लढाईतला वीर, हे पुष्कळ घरांत आता सांगता येत नाही. तरीही तो घरचा असतो, पाहुण्यारावळ्यांनी गजबजलेल्या घरात त्याचं पान आधी वाढलं जातं.

पंचांगानंही त्याची सोय केलेली आहे. पितृपक्षात चतुर्दशीसमोर ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. शस्त्रानं गेलेल्यांसाठी राखलेला तो दिवस. ज्याची तिथी कळली नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. कुतहून कैदेत गेलेल्या कित्येकांचं पान अमावास्येलाच पडलं असणार. कोकणातल्या मुसलमान घरांत अशाच माणसासाठी फातिहा पढला जातो. मात्र या सगळ्या रीतींची एक मर्यादा आहे. श्राद्धाच्या संकल्पात नाव उच्चारलं जातं ते मुख्यतः बाप, आजा, पणजा या तीन पिढ्यांचं. पहिल्या महायुद्धात गेलेला माणूस आज कुणाचा तरी पणजा आहे. तो आता या ओळीतून बाहेर पडतो आहे. आणि विशी-बाविशीत, लग्नाआधी गेलेला शिपाई तर कुणाच्याच ओळीत नव्हता. त्याचं नाव घेणारी आई गेली, मग भाऊ गेला, मग भावाला ऐकून आठवण ठेवणारा पुतण्या गेला.

घरात आणखी एक वस्तू असू शकते. पहिल्या महायुद्धात गेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं ब्राँझची एक जड चकती पाठवली. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, पुढे सिंह, कडेनं इंग्रजी अक्षरं आणि एका चौकोनात मृताचं नाव, ओतीव, उठावदार. हुद्दा मुद्दाम वगळलेला. मरणात सगळे सारखे म्हणून. म्हणजे स्मारकावर ज्याच्या वाट्याला नुसती संख्या आली, त्याच्या आईच्या हातात त्याच सरकारनं नाव असलेली चकती ठेवली होती. तिला ते इंग्रजी अक्षर वाचता येत नसणार, इतकंच. सोबत चांदीचं पदक येई: एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. त्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक ठशानं उमटवलेली असते. अडीनडीला पदक सोनाराकडे गेलं, चकती भंगारात गेली. गरिबीनं केलेल्या गोष्टीबद्दल कुणाला बोल लावायचा? ज्या घरांत ती अजून आहेत, त्यांनी मात्र आज संध्याकाळीच ती पेटीतून काढून पुसावीत आणि भिंग घेऊन कडेवरची अक्षरं वाचावीत. गावच्या आकड्यातलं पहिलं नाव कदाचित तिथेच मिळेल.

गावात कुणीतरी विचारेलच, की परक्या राजासाठी परक्या मुलखात लढलेल्यांची एवढी आठवण कशाला? हा प्रश्न टाळू नये. ती लढाई आपली नव्हती, हे खरं आहे. महिना ११ रुपयांवर शिपाई भरती होत होता, आणि डोंगरउतारावरच्या वरी-नाचणीवर सहा महिनेही न निभणाऱ्या घराला ते ११ रुपये म्हणजे जगणं होतं. त्या काळी देशातल्या मोठ्या पुढाऱ्यांनाही भरतीचा विचार करावा लागला होता. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात गांधीजी स्वतः भरतीसाठी गावोगाव फिरले; टिळकांनीही स्वराज्याच्या हक्काशी जोडून भरतीला पाठिंबा दिला. मग ज्याला कर्ज फेडायचं होतं, बहिणीचं लग्न करायचं होतं, त्या विशीतल्या पोरानं काय चुकीचं केलं? त्याची आठवण ठेवणं म्हणजे साम्राज्याचा गौरव नव्हे. तो आपल्या गावातून गेला आणि परत आला नाही, एवढं पुरेसं आहे.

नाव कोरताना सगळ्यांची कोरावीत, हे वेगळं सांगायला हवं, कारण युद्ध नुसत्या बंदूकवाल्यांनी लढलं नाही. भिस्ती होते, खेचरं हाकणारे होते, स्वयंपाकी, डोलीवाले, मजूर पलटणीतले लोक होते. अशा मजूर-सेवकांना चांदीऐवजी ब्राँझचं पदक मिळालं. महारांची भरती बरीच वर्षं बंद ठेवून युद्धाच्या गरजेपोटी १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि काम संपताच १९२१ मध्ये मोडून टाकली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खलाशी, त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ, परदेशी बोटींच्या इंजिनघरात कोळसा ओढत होते आणि पाणसुरुंगानं बोटीबरोबर तळाला गेले. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक आहे. रोज हजारो कोकणी माणसं त्या भागातून ये-जा करतात आणि फार थोड्यांना ते माहीत असतं. आपल्या गावचा खलाशी त्या यादीत असेल, तर त्याचं नाव गावच्या दगडावर शिपायाच्या खालोखाल नको, शेजारी हवं.

दुसऱ्या महायुद्धाबाबत तर अजून ऐकीव आठवणीही शिल्लक आहेत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे २२ वर्षांचे होते. १० जुलै १९४४ ला इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात ते सोडून त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले, काही ठार, काही जखमी. मागे कुणी नाही हे ठाऊक असताना ते एकटे पुढे धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी लोळवलं. दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते त्याच ठाण्यात कोसळले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो त्यांच्या पत्नीनं १९४५ मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून घेतला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कबर कुठेही नाही. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर, कबर न सापडलेल्या चार हजारांमध्ये आहे.

जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्या डोंगरी गावानं त्यांच्या नावानं छायाघटिकेचं स्मारक उभं केलं. मोंतोने हे तुमच्या-आमच्यासारखंच गाव. तिथल्या नगरपालिकेनं आणि स्थानिक इतिहास जपणाऱ्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या शेतशिवारात मेलेल्या पळसगावच्या पोराची आठवण ठेवली. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक गेले. घाडग्यांना पदक मिळालं म्हणून त्यांचं नाव राहिलं. उरलेल्यांत आपल्या गावचा कोण होता, हे शोधायला मोंतोनेचे लोक येणार नाहीत.

पुण्याला खडकीच्या युद्धस्मशानात कधी गेलात, तर याची दुसरी बाजू दिसेल. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांची तिथे नोंद आहे. कापलेली हिरवळ, रांगेत उभे पांढरे दगड, प्रत्येकावर नाव, वय, पलटण. तिथल्या स्मारकफलकांवर आपल्या भूमीवर मेलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सैनिकांचीही नावं आहेत. साता समुद्रापारच्या कुणाच्या तरी मुलांच्या कबरींभोवतीचं गवत आपले माळी काढतात. किती चांगलं आहे हे! हेच आपल्या पोरांसाठी का असू नये?

आता कामाचं बोलू. नावं सापडू शकतात. पंजाबात ती सापडली आहेत: लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेल्या जुन्या वह्यांत सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गावनिहाय नोंदी होत्या. ब्रिटनमधल्या पंजाबी वारसा जपणाऱ्या एका संस्थेनं आणि ग्रिनिच विद्यापीठानं त्या संगणकावर आणून २०२१ पासून लोकांना खुल्या करायला सुरुवात केली. नातवंडं-पतवंडं आपल्या गावाचं नाव घालून आपला माणूस शोधू लागली.

आपल्याला अनेक ठिकाणी दार ठोठवावं लागेल. पहिलं ठिकाण वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंदवही. ती संकेतस्थळावर फुकट पाहता येते. बसऱ्याच्या दगडावर नसलेली शिपायांची नावं या नोंदींत आहेत, आणि पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही आहे. फक्त शोधताना जुने जिल्हे लक्षात ठेवावे लागतील. मालवण-कणकवलीचा माणूस ‘रत्नागिरी’त सापडेल, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके साताऱ्यात होते. इंग्रजी स्पेलिंग कारकुनाला जसं ऐकू आलं तसं, त्यामुळे गावाचं नाव चार-पाच तऱ्हांनी टाकून पाहावं. शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना हे काम द्या. त्यांच्या हातात फोन आहे आणि त्यांना चिकाटी असते.

दुसरं ठिकाण तलाठी कार्यालय. शिपाई परदेशात मेला म्हणून कोतवाल बुकात त्याच्या मृत्यूची नोंद नसेल, पण त्याच्या नावे गुंठाभर जमीन जरी असली, तरी वारस लावताना फेरफार झालेलाच असणार. १९१५ ते १९२२ च्या वारस नोंदींत, जिथे तरुण माणसाच्या जागी विधवेचं किंवा आईचं नाव लागलं आहे, तिथे थांबावं आणि ते घर आज कुणाचं, हे विचारावं. त्या घराला कदाचित गोष्ट ठाऊक असेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राला ग्रामपंचायतीच्या ठरावासह पत्र पाठवावं. व्यक्तीच्या पत्रापेक्षा गावाच्या ठरावाला वजन असतं.

तिसरं ठिकाण म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या. हे सर्वांत आधी करावं, कारण दप्तर पुढच्या वर्षीही तिथेच असेल. कुणाच्या माहेरचा चुलता ‘बसऱ्याला’ गेला होता, कुणाची आजी आयुष्यभर पेन्शनीच्या मनीऑर्डरीवर अंगठा उठवत होती, हे त्यांना विचारावं. सासरी आलेल्या बायकांना दोन गावांच्या आठवणी असतात, हे विसरू नये. शेजारच्या गावच्या आकड्यातलं नाव आपल्या गावच्या आजीकडे मिळू शकतं. जे सांगतील ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावं, तारखेसह.

खर्च फार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ उपक्रमात ग्रामपंचायतींनी गावच्या वीरांसाठी शिलाफलक उभारले, तेव्हा पाथरवट, मजकूर, जागा ही सगळी व्यवस्था आपण केलीच होती. तशीच पुन्हा करायची. फक्त जुन्या शिळेला हात लावू नये, तिच्यावर ऑइलपेंट फासू नये, सिमेंटनं अक्षरं बुजवू नयेत. ती आहे तशी राहू द्यावी. नवा दगड तिच्या शेजारी, त्याच उंचीचा, आणि त्यावर नाव, बापाचं नाव, पलटण किंवा बोट, आणि कळलं असेल तर मृत्यूचं ठिकाण आणि साल. उद्घाटकाचं नाव नको. या एका दगडावर तरी नको.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. तोवर सगळी नावं सापडतील असं नाही. शिळेवरचा आकडा ९ असेल आणि नावं ४ मिळाली, तर ती ४ कोरा आणि खाली ५ ओळींची जागा मोकळी ठेवा. मिळतील तशी भरा. एखाद्या नावाची खातरी नसेल, तर कोरायची घाई करू नका. दुसऱ्या गावाच्या सरपंचांना फोन करा, कारण त्याच आडनावाचा माणूस दोन वाड्यांत असतो आणि दोन्ही गावं त्याला आपला म्हणत असतील. आणि शोधताना आकड्यापेक्षा एक नाव जास्त निघालं, तर तेही कोरा. १९१९ नंतर दगड बसवताना मोजणाऱ्याची चूक झालेली असू शकते; गेलेला माणूस मोजणीत नव्हता म्हणून तो गावाचा नव्हता, असं होत नाही.

आपला,
एक मराठी वाचक